बाथरूमच्या भिंतीतलं जहाज

मंगळवार, ४ मार्च. दुपारी, डबा खाताना.

आजपासून मी नाणेसंग्राहक. निर्णय पक्का.

सकाळी कॅशियरकाकांच्या बाथरूमची जुनी फरशी फोडत होतो. छिन्नीखाली टण्ण झालं आणि सिमेंटातून नाणं निघालं. मी ओरडलो. काका अर्धी दाढी तशीच ठेवून पळत आले. काका बँकेत अडतीस वर्षं कॅशियर होते, आता रिटायर. नाणं बघून म्हणाले, हे काही विशेष नाही, मागच्या मिस्त्रीच्या खिशातून पडलं असेल. पण मग तिथेच ढिगाऱ्यावर बसून नाण्यांबद्दल दोन तास बोलले. काकू बाहेरून विचारत होत्या, अहो, दुसरा गाल करणार आहात की त्याला सुट्टी? काका उठले नाहीत.

मी तेव्हाच ओळखलं, हे माझ्यात आधीपासून होतंच. फक्त कोणी खणून काढलं नव्हतं.

मामाला सांगितलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फरशीकामातला हेडमिस्त्री. त्यानेच मला घरापासून एवढ्या लांब कामाला आणलं. मामा म्हणाला, गॅरेज झालं, केस कापणं झालं, मोबाईल रिपेअर झालं, कोंबड्या झाल्या, आता नाणी. एक ना धड, भाराभर चिंध्या. मग ग्राइंडर बंद करून म्हणाला, नीट ऐक. हे एक बाथरूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या हाताने पुरं करून दाखव. केलंस तर नव्या हॉस्पिटलच्या साइटवर तुला मिस्त्री म्हणून नेतो, तिथे ऐंशी बाथरूम आहेत. नाही केलंस तर २३ तारखेच्या रविवारी सकाळी आठच्या गाडीत बसवून तुला आईकडे परत पाठवतो. मग तू आणि तुझ्या कोंबड्या.

म्हटलं, मामा, निश्चिंत राहा. एक बाथरूम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मामा मला आरंभशूर म्हणाला. शूर तर म्हणाला.

बुधवार, ५ मार्च. सकाळी सहा.

संकल्प: रोज कामाला जायच्या आधी दहा नाणी तपासायची. काका जे सांगतील ते वहीत लिहायचं आणि त्यात माझी सुधारणा करायची. पुढेमागे पुस्तक निघेल. नवशिक्या नाणेसंग्राहकांना सल्ला. आठवी नापास माणसाने लिहिलंय म्हटल्यावर लोकांचा विश्वास जास्त बसेल, कारण त्यात पुस्तकी ज्ञान नसणार.

सकाळी सव्वाआठ.

लिहिता लिहिता डोळा लागला. मामा खालून हाका मारतोय. नाणी उद्या.

संध्याकाळी.

काकांचा पहिला सल्ला: नाणं धुऊ नये, घासू नये. वर्षानुवर्षं जो रंग चढतो ती त्याची कातडी असते.

माझं मत वेगळं आहे. काका बँकेतले. साफसफाईतलं त्यांना काय कळणार? आमच्याकडे टाईलवरचं सिमेंट उतरवायचं ॲसिड असतं. काल सापडलेलं नाणं वाटीभर ॲसिडमध्ये टाकलं आणि चहा प्यायला गेलो. आलो तर नाणं गुलाबी. चित्र गेलं, आकडा गेला, थोडी कडही गेली. पण चमक अशी, की बघत राहावं.

सल्ला क्र. १: नाणं धुवावं, पण चहा लवकर प्यावा.

गुरुवार, ६ मार्च.

काकांचा दुसरा सल्ला: विकत घ्यायला धावू नये. आधी रोज हातातून जातं ते बघायला शिकावं.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याला म्हटलं, गल्ला जरा पुढे सरकव, मला अभ्यास करायचाय. तो म्हणाला, अभ्यास शाळेत करायचा होतास. मग त्याने गल्ल्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेलवर कोपर ठेवलं. मोठ्या कामात लोकांचा विरोध होतोच.

आजचं कलेक्शन: एकूण सात. दोन एकसारखी. एक रेल्वेच्या रुळावर ठेवल्यासारखं चेपलेलं. एक गुलाबी. एक रस्त्यावर सापडलेलं. एक मामाच्या पँटीत सापडलेलं (मामाला सापडायच्या आधी). एक वॉशर. तो वॉशर आहे हे संध्याकाळी लक्षात आलं, पण एकदा आत घेतलेल्याला बाहेर काढणं बरं दिसत नाही.

फरशीखालचा थर आज टाकला. मामाने बादलीभर पाणी ओतून बघितलं. म्हणाला, पाणी जाळीकडे जायला पाहिजे, तुझं दाराकडे चाललंय. म्हटलं, मामा, पाण्यालाही बाहेर पडावंसं वाटत असेल. मामाने थर परत करायला लावला. या माणसात विनोदबुद्धी नाही.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी.

मोठी बातमी. काकांचा नाणी जमवणाऱ्यांचा क्लब आहे. २३ तारखेला सकाळी दहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन. काका म्हणाले, तुझा उत्साह बघून वाटतं, तुला नवशिक्यांच्या टेबलावर बसवावं, ते टेबल मीच सांभाळतो.

नवशिक्यांच्या! मला चौथा दिवस चालू आहे. पण काकांचं मन मोडवेना. म्हटलं, बसेन.

२३ लाच मामाची गाडी आहे. पण बाथरूम तोवर होऊन जाईल, त्यामुळे गाडीचा प्रश्नच येत नाही.

तिसरा सल्ला: नाणं दोन बोटांत, कडेने धरावं. चौथा सल्ला: दोन्ही बाजू बघाव्यात. हा चौथा काकांनी तीनदा सांगितला. वय झालं की माणूस तेच तेच बोलतो.

यावर माझं असं आहे. जगात प्रत्येक वस्तूला एक तोंड असतं आणि एक पाठ असते. टाईलची चकचकीत बाजू तोंड, खरखरीत बाजू पाठ. पाठीला केमिकल लावायचं आणि भिंतीवर दाबायचं. पाठ बघत बसणारा मिस्त्री उपाशी मरेल.

सल्ला क्र. ४ (सुधारित): तोंड नीट बघावं.

शनिवार, ८ मार्च. संध्याकाळी.

आज काकांनी लोखंडी कपाट उघडलं. आतून एक छोटं पाकीट काढलं. पाकिटात नाणं. त्यावर जहाज. शिडं फुगलेली, खाली लाटा.

काका म्हणाले, माझ्या हातातून अडतीस वर्षांत लाखो नाणी गेली, पण असं हे एकच. यात एक गोष्ट वेगळी आहे. मी सांगणार नाही. तू घेऊन जा, बघ, शोध. पंधरा दिवसांत ओळखलंस तर प्रदर्शनात माझ्या शेजारची खुर्ची तुझी. आजवर कोणी न सांगता ओळखलेलं नाही. काकू आतून म्हणाल्या, मला विचारू नका, मला सगळी सारखीच दिसतात.

मग काकांनी मामाकडे बघितलं. मामाने माझ्याकडे बघितलं, हाताचं सिमेंट पँटीला पुसलं. शेवटी म्हणाला, द्या, काका. माझ्या शब्दावर द्या.

जिना उतरताना मामाने माझी कॉलर धरली. म्हणाला, भाच्या, आजवर मी कोणाकडे माझा शब्द टाकलेला नाही. फरशीवर पाय घसरला तर माणूस उठतो. शब्दावरून घसरला की उठत नाही.

म्हटलं, मामा, तुझा शब्द माझ्या खिशात आहे. मामा म्हणाला, तीच तर भीती आहे.

रविवार, ९ मार्च. सुट्टी.

दिवसभर संशोधन. मामाचा जवळचा चष्मा लावून, मोबाईलच्या टॉर्चमध्ये.

शोध एक: जहाजाला सहा शिडं आहेत. सहा ही शंकास्पद संख्या वाटते.

शोध दोन: डेकवर एक ठिपका आहे. हा माणूस असावा. माणूस एकटाच एवढं जहाज चालवतोय, हे वेगळं आहे.

शोध तीन: वजन. सिमेंटच्या गोण्या मोजायच्या काट्यावर ठेवलं. काट्याने शून्य दाखवलं. तीनदा ठेवलं, तीनदा शून्य. वजन नसलेलं नाणं! हेच असणार. पण काकांना इतक्यात सांगायचं नाही. लगेच ओळखलं तर त्यांना वाईट वाटेल.

आईचा फोन आला. सांगितलं, मी आता नाणेतज्ज्ञ झालोय, हॉलमध्ये टेबल मिळालंय. आई म्हणाली, बरं झालं रे बाळा, म्हणजे बसून काम. मग म्हणाली, मामा खूश आहे ना तुझ्यावर? या वेळी नको रे परत येऊस. म्हणजे ये, पण सुट्टीला ये. फोन ठेवायच्या आधी हेच परत म्हणाली.

सोमवार, १० मार्च.

सुरक्षेचा प्रश्न. आमच्या खोलीला कडी आहे, पण कडीला कुलूप नाही. नाणं रात्री बुटात ठेवलं. सकाळी विसरून बूट घातला आणि साइटपर्यंत लंगडत गेलो. मग साखरेच्या डब्यात ठेवलं. मामाने चहा केला. साखरेबरोबर जहाज पातेल्यात गेलं. मामाने चमच्याने बाहेर काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि चहा न पिता कामाला गेला.

कायमचा बंदोबस्त पाहिजे. काकांचा पाचवा सल्ला: नाण्याला चिकटपट्टी, गोंद काहीही लावू नये. हे बरोबर आहे. गोंद फार कच्चा असतो.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी.

मामा आजपासून तीन दिवस हॉस्पिटलच्या साइटवर मापं घ्यायला गेला. बाथरूम पूर्ण माझ्या ताब्यात. जाताना म्हणाला, समोरची भिंत लाव. पाच फुटांपर्यंत. लेव्हल बघ, सांधे बघ, आणि दुसरं काहीही करू नकोस. तो शब्द जोरात म्हणाला. काहीही.

दुपारी टाईल लावताना डोक्यात वीज चमकली. पहिल्या दिवशी जे नाणं सापडलं ते सिमेंटात किती वर्षं होतं? काका म्हणतात, पंचवीस. पंचवीस वर्षं ते कोणी चोरलं नाही, बुटात गेलं नाही, चहात पडलं नाही.

उत्तर माझ्या हातात होतं. थापीवर होतं.

बुधवार, १२ मार्च.

प्लॅन: समोरच्या भिंतीवर, बरोबर मध्ये, नळाच्या वर, एका टाईलमध्ये माझं सगळं कलेक्शन बसवायचं. मधोमध जहाज. भोवती माझी सात. काकांना सरप्राइज. प्रदर्शन वर्षातून एकदा होतं, हे रोज आंघोळीच्या वेळी होईल. क्लबची माणसं बघायला येतील. काका म्हणतील, हा आमच्याकडे मिस्त्री म्हणून आला होता, कोणाला खरं वाटेल का?

आणि नाणं काकांच्याच घरात राहणार, म्हणजे परत केल्यासारखंच. मामाचा शब्दही पाळला जाईल. एका दगडात तीन पक्षी.

काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, आठ दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातेय रे. त्यांच्या साबणाचा वास मला यायला लागला. कधी होणार? म्हटलं, काकू, असं होणार की तुम्ही बाहेर यायलाच तयार होणार नाही.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी सहा.

झालं.

आयुष्यातलं सर्वात सुंदर काम. टाईलमध्ये ड्रिलने गोल खाचा पाडल्या. साधं केमिकल पाण्याला कंटाळतं, म्हणून इपॉक्सी वापरलं. हे दोन डब्यांचं असतं. दोन्ही एकत्र कालवलं की दगडाचा बाप होतो. मामा शिकवतो, पाठीला केमिकल भरभरून लावावं, पोकळी राहिली तर ठोकल्यावर पोकळ वाजतं. मी प्रत्येक नाण्याच्या पाठीला कोपरान् कोपरा भरलं. नाण्याला कोपरे नसतात, त्यामुळे काम सोपं गेलं.

जहाज लेव्हलमध्ये बसवलं. समुद्र एकदम आडवा. थेंबही सांडणार नाही.

वॉशर थोडा खाली-वर झाला. जवळून बघितलं तर दिसतं. जवळून कोण बघतं?

सल्ला क्र. ५ (सुधारित): गोंद नको. इपॉक्सी.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी.

मामा परत आला. मी काकांना, काकूंना आणि मामाला एकदम बोलावलं. बल्ब लावला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. आनंदाने माणसाची वाचा बसते, हे मी ऐकून होतो. मग ते उपड्या बादलीवर बसले. हळूच म्हणाले, अरे, याची मागची बाजू?

म्हटलं, मागे इपॉक्सी आहे, काका. एक नंबर माल. पन्नास वर्षं हलणार नाही.

काका म्हणाले, पन्नास वर्षं.

म्हटलं, कंपनीच लिहून देते.

काकू म्हणाल्या, म्हणजे मी आंघोळ करताना हा वॉशर माझ्याकडे बघणार?

मामा पुढे झाला. बोटाच्या पेराने जहाजावर टकटक केलं. कुठे पोकळ वाजतंय का बघितलं. सगळीकडून वाजवलं. मग म्हणाला, तुझं काम आयुष्यात पहिल्यांदा ठोस झालंय. आणि झालंय ते इथे.

मी थँक्यू म्हणणार होतो, पण मामाचा चेहरा बघून राहू दिलं.

संध्याकाळी.

परिस्थितीचा शांतपणे विचार केला. वेगळी गोष्ट मागच्या बाजूला आहे, असं आता कळतंय. ही माहिती काकांनी आधी द्यायला हवी होती. दोन्ही बाजू बघ, दोन्ही बाजू बघ, असं नुसतं म्हणून काय होतं? मागची बाजू बघ, असं स्पष्ट सांगायचं.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, जाऊ दे, पोराने चांगल्या मनाने केलं. मामाने खाली मान घातली. मामाला खाली मान घालून मी फक्त फरशी बसवताना बघितलंय.

घरी आल्यावर मामाने गाडीचं तिकीट काढलं. एक. २३ तारीख, सकाळी आठ. माझ्यासमोर कपाटाला चिकटवलं. गोंदाने.

शनिवार, १५ मार्च.

मामाने आज रजा टाकली. नाणं आम्ही दोघांनी काढायचं असं मी म्हटलं. मामा म्हणाला, तू टॉर्च धर.

मामाने टाईलच्या चारही बाजूंचे सांधे कापले. भिंतीतून आख्खी टाईल सोडवायला पाच तास लागले. ती धरून अकरा टाईल गेल्या. आणखी एक माझ्या टॉर्च धरण्यामुळे गेली, असं मामाचं म्हणणं आहे. एकूण बारा. माझी समोरची भिंत आता दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते.

मग मामाने टाईलचा तुकडा मांडीवर घेतला आणि बारीक कटरने जहाजाभोवती चिरत राहिला. काका शेजारी बसून सांगत होते, हळू, कडेला लागू देऊ नका. मामा म्हणाला, काका, कड आणि आतलं एकाच धातूचं असतं का? का बरं दाते आहेत कडेला? काकांनी कडेच्या दात्यांचा इतिहास सांगितला. पूर्वी लोक कडा तासून चांदी चोरायचे, म्हणून दाते. मामाने कटर बंद केला आणि म्हणाला, असं होय! मग कारखान्यात हे दाते पाडतात कसे?

मला कोणी काही विचारलं नाही. माझा हात दुखत होता.

सोमवार, १७ मार्च.

जहाज टाईलमधून सुटलं, पण पाठीवर इपॉक्सीचा थर तसाच. काका म्हणाले, घासायचं नाही. नेलपॉलिश काढायच्या औषधात बुडवून ठेवायचं, दोन-तीन दिवस. धातूला काही होत नाही, थर मऊ पडतो. काकू म्हणाल्या, माझ्याकडे कुठलं आलंय नेलपॉलिश? पाच मिनिटांनी तीन बाटल्या घेऊन आल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, तुम्ही कधी हाताकडे बघितलंत?

मी सुचवलं की ॲसिड लवकर काम करतं. मामाने ॲसिडचा डबा उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला आणि परत येऊन काकांना विचारलं, काका, हे साचे कोण बनवतं? हाताने कोरतात?

मामाने जेवणाची सुट्टी पूर्ण तिथे घालवली. मला वाटतं, तो माझ्यासाठी काकांना पटवतोय.

बुधवार, १९ मार्च. दुपारी.

थर सुटला. काकांनी जहाज औषधातून काढलं, मऊ फडक्यावर ठेवलं, टिपलं. घासलं नाही. ओरखडा एकही नाही. काका खुर्चीत मागे टेकले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, चला, आता सांग, काय वेगळं आहे?

मी शोध एक, दोन, तीन सांगितले. वजन शून्य, हे ऐकून काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

काकांनी नाणं मामाच्या हातात दिलं, नुसतं बघायला. मामाने ते दोन बोटांत, कडेने धरलं. पान उलटावं तसं उलटलं. मागे कणीस आहे. परत उलटलं, जहाज. परत कणीस. मग म्हणाला, काका, हे लेव्हलमध्ये नाही. जहाज सरळ आहे, पण उलटलं की कणीस डोक्यावर उभं राहतं. मागचा साचा कोणीतरी फिरवून बसवलाय. दुसऱ्या नाण्यात असं नसतं. हे बघा. आणि खिशातलं साधं नाणं काढून, शेजारी धरून दाखवलं.

काका खुर्चीतून उठले. मामाचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, तीस वर्षं! तीस वर्षं हे नाणं मी लोकांना दाखवतोय. डॉक्टरला दाखवलं, इंजिनिअरला दाखवलं, हिला दाखवलं. एकानेही ओळखलं नाही.

मामा लाजला. मामाला लाजताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, आमचं कामच ते आहे, काका. वाकडं बसलेलं लगेच डोळ्यात खुपतं.

मीही तेच म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं.

संध्याकाळी.

म्हणजे चुकलेलं नाणं जास्त मोलाचं. हे मला फार आवडलं. मामाला म्हटलं, मग माझी डाव्या भिंतीवरची तिसरी ओळ जरा तिरपी गेलीय, तिचं पण मोल वाढलं असेल.

मामा म्हणाला, टाकसाळीची चूक काचेत ठेवतात. तुझी चूक मला फोडावी लागते.

गुरुवार, २० मार्च.

मामा दिवसभर नाण्यांबद्दल बोलला. मी टाईल कापत होतो आणि मामा सांगत होता, नाणं धुवायचं नसतं बरं का. म्हटलं, माहितीये. म्हणाला, ते त्याचं कातडं असतं. म्हटलं, माहितीये. म्हणाला, मग धुतलंस कशाला?

शनिवार, २२ मार्च.

बॅग भरली. तीन शर्ट, दोन पँटी, ही वही, सात नाणी. त्यातलं एक टाईलच्या तुकड्यासकट, कारण ते माझ्याच्याने सुटलं नाही. मामाच्या पँटीतलं नाणं मामाला परत दिलं. सहा नाणी.

आईला फोन लावला. गाडीचं सांगायचं होतं. आई म्हणाली, शेजारणीला सांगितलं हो मी, माझा मुलगा मिस्त्री होणार, हॉस्पिटल बांधतोय. म्हटलं, हो. मग म्हटलं, इथे हवा बरी आहे. मग फोन ठेवला.

गेल्या आठवड्यात मी अकरा टाईल फोडल्या नाहीत. मामाने फोडल्या. मी फक्त एक. हे कोणी विचारात घेत नाही.

आज एकाही टाईलला नीट हात लागला नाही. काकू म्हणाल्या, जातोयस होय? मग म्हणाल्या, जेवून जा. मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

रविवार, २३ मार्च. सकाळी साडेसहा.

मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मला वाटलं, मला गाडीवर सोडायला. बॅग उचलली.

मामा म्हणाला, कुठे निघालास?

म्हटलं, आठची गाडी.

मामा म्हणाला, आणि बारा टाईल कोण लावणार, तुझी आई? त्या बाईने महिनाभर शेजाऱ्यांच्या घरी आंघोळ करायची? मग कपाटावरचं तिकीट काढायला गेला. गोंद पक्का बसला होता. तिकीट फाटून अर्धं हातात आलं. मामा म्हणाला, बघ, कोणतंही काम माझ्या हातून कच्चं होत नाही.

मी विचारलं, मग हॉस्पिटल?

म्हणाला, येशील. मिस्त्री म्हणून नाही. हाताखाली. केमिकल कालवायचं, मी सांगेन तिथे नेऊन ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. लावायचं नाही. वर्षभर. एक वर्ष टिकलास तर पुढचं बघू.

म्हटलं, मामा, मग तू इतका नटून कुठे?

मामा आरशात बघत कॉलर सारखी करत होता. म्हणाला, काकांनी बोलावलंय. त्यांच्या शेजारी बसायला. नवशिक्यांच्या टेबलावर.

दुपारी तीन.

बारा टाईल लावल्या. लेव्हल बघितली. सांधे बघितले. दुसरं काही केलं नाही. पाच वेळा ठोकून बघितल्या. काकूंनी डोकावून बघितलं. थोड्या वेळाने चहा ठेवून गेल्या.

संध्याकाळी सात.

मामा आला. शर्टाला क्लबचा बिल्ला लावलेला, आवाज बसलेला. दिवसभर बोलला असणार. म्हणाला, लोकांना वाटतं नाणी जमवणं सोपं आहे, पण तसं नसतं. मग शर्टाच्या खिशातून छोटं पाकीट काढलं. नव्या माणसाला क्लबतर्फे एक नाणं देतात. दोन बोटांनी कडेला धरून बाहेर काढलं. मी पलंगावरून उठलो, हात पुसले, पुढे केला.

मामा म्हणाला, तिथूनच बघ.

मी तिथूनच बघितलं. झाड होतं बहुतेक.